४२.३४ मीटर ते ३२ बिट

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून काँग्रेस रेडिओचे गुप्त प्रक्षेपण सुरू झाले. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत राहिले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत केंद्र चालू राहिले. निवेदनात स्थळाचा उल्लेख ‘भारतात कोठून तरी’ एवढाच असे. तरंगलांबी मात्र नेमकी सांगितली जाई, ४२.३४ मीटर. ठिकाण दडवायचे आणि तरंगलांबी जाहीर करायची, असा हा विलक्षण व्यवहार होता. श्रोत्याला केंद्र सापडावे म्हणून तो आकडा सांगणे भाग होते, आणि पोलिसांना माग काढायलाही तोच आकडा पुरेसा होता.

प्रकाशाच्या वेगाला ४२.३४ ने भागले की वारंवारता मिळते: सुमारे ७०,८०,५९७ हर्ट्झ, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतातील हौशी रेडिओचालकांना मोकळा असलेला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा नेमका याच जागी आहे. त्या जाहीर आकड्यातील शेवटचा अंक एकाने बदलला, ४२.३४ ऐवजी ४२.३५ केला, तर वारंवारता जवळजवळ १,६७० हर्ट्झने सरकते. ग्राहीचा काटा फिरवून भाषण शोधणाऱ्या श्रोत्याला तेवढी अचूकता पुरेशी होती. आज विद्यार्थ्याच्या टेबलावरील नखाएवढी चिप हीच वारंवारता ०.०३ हर्ट्झच्या पायऱ्यांनी हलवू शकते. या दोन आकड्यांमधील अंतर हीच या लेखाची कथा आहे. मात्र ती सरळ प्रगतीची कथा नाही. वारंवारता ठरवणे, ती टिकवणे आणि ती शुद्ध ठेवणे ही तीन वेगळी कामे आहेत. चिपने त्यातील पहिले इतके सोपे केले की उरलेली दोनही संपली, असा समज सहज होऊन बसला.

हौशी रेडिओत वारंवारता निर्माण करण्याचा जुना मार्ग म्हणजे तारेची कॉइल आणि कपॅसिटर यांचा दोलक. कॉइलचे प्रवर्तकत्व आणि कपॅसिटरची धारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर वारंवारता ठरते. कपॅसिटरच्या पाती फिरवल्या की वारंवारता बदलते. रचना स्वस्त, सुबोध आणि हाताने घडवता येण्याजोगी होती. तिचा दोष एकच, पण मोठा. ती वस्तूंवर अवलंबून होती, आणि वस्तू हवामानावर. तांब्याची तार एका अंश सेल्सियसमागे दशलक्षात सुमारे १७ भाग लांबते. खोली दुपारी सहा अंशांनी तापली की कॉइल सर्व बाजूंनी दहा हजारात एक भागाने मोठी होते; प्रवर्तकत्व त्याच प्रमाणात वाढते आणि वारंवारता त्याच्या निम्म्या प्रमाणात घसरते. ७.१ मेगाहर्ट्झवर ही घसरण सुमारे ३५५ हर्ट्झ भरते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो पुढे अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

३५५ हर्ट्झ हे प्रमाण जुन्या धाटणीच्या प्रक्षेपणात खपून जाई. हौशी मंडळी सिंगल साइडबँड पद्धतीकडे वळली आणि ते खपेनासे झाले. या पद्धतीत वाहक लहर पाठवलीच जात नाही. ऐकणाऱ्याच्या यंत्रालाच ती पुन्हा घालावी लागते. दोघांच्या वारंवारतेत शंभर हर्ट्झचाही फरक पडला तरी ओळखीचा आवाज किनरा किंवा घोगरा होतो, आणि तीन-चारशेच्या फरकाला शब्द कळेनासे होतात. बोलता बोलता समोरच्याची वारंवारता सरकत जाते आणि ऐकणारा एका हाताने सतत काटा फिरवत राहतो, हे दृश्य त्या पिढीच्या परिचयाचे होते.

क्वार्ट्झचा स्फटिक वापरला की वारंवारता स्थिर होई, पण मग ती एकच होई. त्या जागी कोणी आधीच बोलत असेल, तर थांबण्यावाचून इलाज नसे. त्यामुळे हौशी चालकांची बरीचशी कल्पकता कॉइल-कपॅसिटरच्या दोलकाला शांत करण्यात खर्च झाली. कॉइल उकळून घेणे, मेणात बसवणे, तापमानाने उलट दिशेला बदलणारे कपॅसिटर जोडून परस्परांचा परिणाम फेडणे, सगळा दोलक जाड पत्र्याच्या पेटीत बंद करणे, यंत्र लावून अर्धा तास वाट पाहणे, असे अनेक उपाय होते. १९७३ साली क्लास स्पारगारेन या डच हौशी चालकाने एक चतुर तोड मांडली. दोलकाची वारंवारता स्फटिकाच्या ठोक्यांशी सतत ताडून पाहायची आणि ती सरकू लागली की तिला हलकेच मागे ढकलायचे. ‘हफ अँड पफ’ हे या युक्तीचे नाव तिच्या धापा टाकण्याला शोभणारे आहे. तिने दोलक बांधून ठेवला, पण वारंवारतेचा उगम अजूनही कॉइलमध्येच होता.

उगमच बदलण्याची कल्पना मात्र त्याआधी दोन वर्षे छापून आली होती. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील जोसेफ टिअर्नी, चार्ल्स रेडर आणि बर्नार्ड गोल्ड यांनी अंकीय वारंवारता संश्लेषकावरचा निबंध प्रसिद्ध केला. रेडर आणि गोल्ड ही संकेतांच्या अंकीय प्रक्रियेतील जाणती नावे होती. त्या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९६९ मध्येच आले होते. त्यांचा मुद्दा आज वाचताना साधा वाटतो. साइन लहर कंप पावणाऱ्या वस्तूतून काढायची नाही; ती मोजायची. स्थिर ठोके देणारे एक घड्याळ घ्यायचे, प्रत्येक ठोक्याला लहर कोणत्या कोनावर असायला हवी हे बेरजेने काढायचे, त्या कोनाची साइन तक्त्यातून उचलायची आणि आलेल्या आकड्याचे व्होल्टेज करायचे. डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस, म्हणजे थेट अंकीय संश्लेषण, ते हेच.

मराठी वाचकाला ही कृती अगदीच अनोळखी नाही. पंचांगकर्ते ग्रहाचे मध्यम स्थान काढताना दिवसांची संख्या ग्रहाच्या दैनंदिन गतीने गुणतात, पूर्ण झालेल्या फेऱ्या टाकून देतात आणि उरलेला कोन घेऊन ज्यांच्या सारणीकडे वळतात. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास दिलेली ज्यासारणी २४ नोंदींची आहे, २२५ कलांच्या अंतराने, आणि ती वर्तुळाच्या फक्त पहिल्या चतुर्थांशाची आहे. उरलेले तीन चतुर्थांश त्याच नोंदी उलटसुलट वाचून मिळतात. डीडीएस चिपमधील साइनचा तक्ताही बहुधा पाव वर्तुळाचाच असतो, आणि कारणही तेच: जागा वाचते. प्राचीन भारतात चिप होत्या असा याचा अर्थ कोणी काढू नये. फेऱ्या टाकून उरलेला कोन जपणे आणि सारणीतून ज्या उचलणे ही गणिताची जुनी, कसोटीला उतरलेली रीत आहे, इतकेच.

चिपमध्ये ही रीत कशी चालते ते एका प्रत्यक्ष उदाहरणाने पाहणे इष्ट. हौशी रेडिओत सर्वांत परिचित झालेली डीडीएस चिप म्हणजे अॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एडी ९८५०. ती १९९० च्या दशकातली आहे. लिंकन प्रयोगशाळेच्या निबंधापासून या चिपपर्यंतची दोन-अडीच दशके मुख्यतः वेगवान अंक-व्होल्टेज रूपांतरक, ज्याला तंत्रज्ञ ‘डॅक’ म्हणतात, स्वस्त आणि लहान होण्याची वाट पाहण्यात गेली. एडी ९८५० चे घड्याळ सेकंदाला १२.५ कोटी ठोके देऊ शकते. तिच्या पोटात ३२ बिटांचा एक संचायक आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे बसतात. तेवढ्या खुणा कोरलेले एक वर्तुळ डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक ठोक्याला संचायक एका ठरावीक पायरीने पुढे उडी घेतो. वर्तुळ पूर्ण झाले की आकडा आपोआप शून्याकडे वळतो, कारण ३३ वा बिट ठेवायला जागाच नाही. पंचांगकर्ता पूर्ण फेऱ्या जाणीवपूर्वक टाकतो. चिपमध्ये त्या नुसत्या सांडून जातात.

पायरी मोठी असेल तर फेरी लवकर पूर्ण होते आणि वारंवारता वाढते. पायरी एक असेल तर फेरीला ४२९ कोटींहून अधिक ठोके लागतात आणि वारंवारता ०.०२९१ हर्ट्झ येते. म्हणजे एका आवर्तनाला सुमारे ३४ सेकंद. कोणतीही वारंवारता हवी असेल तर तिला २ च्या ३२ व्या घाताने गुणायचे आणि १२.५ कोटींनी भागायचे. काँग्रेस रेडिओच्या ४२.३४ मीटरसाठी हे गणित केले तर पायरी येते २४,३२,८७,४४५. हा आकडा, सोबत कला सरकवणारे आणि नियंत्रणाचे आठ बिट, असे एकूण ४० बिट चिपकडे पाठवले की तारेच्या टोकाला ती लहर हजर होते. तिच्या प्रत्येक आवर्तनाला साधारण साडेसतरा ठिपके मिळतात. बाहेरचा फिल्टर त्या ठिपक्यांमधून गुळगुळीत वक्र ओढतो.

या रचनेचा एक गुण विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. पायरी बदलली तरी संचायकातील आकडा तसाच राहतो. लहर जेथे होती तेथूनच नव्या वेगाने पुढे चालू लागते, मध्ये खंड पडत नाही, धक्का बसत नाही. कॉइलच्या दोलकाला असे करता येत नाही, आणि त्या काळी प्रचलित असलेल्या फेज-लॉक पद्धतीला नव्या वारंवारतेवर स्थिरावायला वेळ लागतो. डीडीएसचे खरे वैभव ०.०३ हर्ट्झच्या पायरीपेक्षाही या अखंडतेत आहे.

अशा सूक्ष्म पायऱ्यांचा हौशी माणसाला उपयोग काय, अशी शंका येईल. तिचे एक सुंदर उत्तर जोसेफ टेलर यांच्याकडून आले. जोड-स्पंदताऱ्याच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकीचे नोबेल रसेल हल्स यांच्यासह मिळवणारे हे खगोलशास्त्रज्ञ स्वतः हौशी रेडिओचालक आहेत. त्यांनी २००८ मध्ये मांडलेल्या डब्ल्यूएसपीआर या पद्धतीत चार सूर वापरले जातात आणि लगतच्या सुरांत फक्त १.४६ हर्ट्झचे अंतर असते. जवळजवळ दोन मिनिटे चालणारा संदेश अवघ्या सहा हर्ट्झच्या पट्टीत मावतो आणि वॉटभर शक्तीच्याही अंशाने समुद्रापार पोहोचतो. कॉइलच्या दोलकाकडून ही शिस्त अपेक्षिणे व्यर्थ आहे. सूर सरकण्याआधी दोलकच सरकलेला असेल. एडी ९८५० ला मात्र १.४६ हर्ट्झ म्हणजे पन्नास पायऱ्या.

येथवरची बाजू ऐकून कोणीही चिपच्या प्रेमात पडेल, आणि पुष्कळ जण पडलेही. पुढे ही चिप बसवलेल्या तयार पट्ट्या चीनमधून स्वस्तात येऊ लागल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांतून सुटे भाग जमवणाऱ्या हौशी विद्यार्थ्याला अशी पट्टी आणि एक लहानसा मायक्रोकंट्रोलर एवढ्यावर दोलक उभा करता येऊ लागला. पडद्यावर ७१०००००.०० असा आकडा झळकला की वारंवारता दशांशापर्यंत खरी आहे, असा भास होतो.

तो भासच आहे. संचायकाचे गणित निर्दोष असते, पण ते घड्याळाच्या ठोक्यांवर चालते, आणि ठोके देणारा स्फटिक पुन्हा एक वस्तूच आहे. साध्या स्फटिक-दोलकाची चूक दशलक्षात ५० भागांपर्यंत असू शकते. ७.१ मेगाहर्ट्झवर ती किती होते? ३५५ हर्ट्झ. सहा अंशांनी तापलेल्या तांब्याच्या कॉइलने जेवढे फसवले होते, तेवढीच फसवणूक करण्याची मुभा या देखण्या आकड्यालाही आहे. पडद्यावरील दशांश चिन्हानंतरचे अंक पायरीची सूक्ष्मता सांगतात. लहर खरोखर कोठे आहे ते सांगत नाहीत. भौतिकीच्या पहिल्या वर्षाला वियोजन आणि अचूकता यांतील भेद शिकवला जातो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. हौशी रेडिओत तो विसरल्याची किंमत पट्ट्याच्या कडेला मोजावी लागते, कारण कडेच्या पलीकडे परवाना संपतो.

फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की कॉइलची चूक दर तासाला बदलते तर स्फटिकाची बरीचशी स्थिर असते. स्थिर चूक मोजता येते आणि मोजलेली चूक गणितातून वजा करता येते. त्यासाठी खात्रीचा संदर्भ लागतो. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे एटीए हे केंद्र लघुलहरींवर, १० मेगाहर्ट्झच्या प्रसिद्ध जागीही, प्रमाण वेळ आणि वारंवारता प्रसारित करत असे. आपला दोलक १० मेगाहर्ट्झला लावून तो एटीएच्या लहरीत मिसळायचा आणि दोहोंच्या फरकाचा हेलकावा मंदावत मंदावत थांबेपर्यंत ऐकत राहायचे, ही जुनी रीत होती. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक हर्ट्झची चूक. घड्याळ आणि कान एवढी सामग्री पुरते. आता हे काम जीपीएसच्या ग्राहीकडून मिळणाऱ्या सेकंदाच्या ठोक्यांनी होते. पण ज्याने एकदा तो हेलकावा कानांनी थांबवला आहे, त्याला दशांशाचा मोह सहसा होत नाही.

उरले तिसरे काम, शुद्धतेचे. कॉइलचा चांगला दोलक सरकत असला तरी त्याचा सूर स्वच्छ असतो. डीडीएसचे उलटे आहे. ३२ बिटांच्या प्रत्येक कोनासाठी साइनची नोंद ठेवायची तर ४२९ कोटी नोंदींचा तक्ता लागेल. म्हणून चिप संचायकातील वरचे मोजकेच बिट तक्त्याला देते आणि खालचे सोडून देते. या काटछाटीची चूक यादृच्छिक नसते. ती ठरावीक तालाने परत परत येते, आणि तालात येणारी चूक म्हणजे एक नवा, नको असलेला सूर. भर पडते ती डॅकची. एडी ९८५० चा डॅक दहा बिटांचा, म्हणजे १,०२४ पातळ्यांचा आहे. खरी साइन किंमत दोन पातळ्यांच्या मध्ये पडली की जवळची पातळी घ्यावी लागते. शिवाय ठिपक्यांनी बनलेल्या कोणत्याही लहरीप्रमाणे येथेही प्रतिबिंबे उमटतात: १२५ मधून ७.१ वजा करून येणारे ११७.९ मेगाहर्ट्झ हे त्यांतील पहिले. प्रतिबिंबे दूर असतात, साधा फिल्टर त्यांना अडवतो. काटछाटीतून आलेले भुताटकीचे सूर मात्र मुख्य लहरीच्या अगदी शेजारी बसू शकतात, आणि पायरीचा आकडा किंचित बदलला की जागा सोडून दुसरीकडे उगवतात.

नको असलेला सूर मुख्य लहरीच्या शक्तीच्या एक लाखांश असला तर तो नगण्य वाटेल. ग्राहीत तसे नसते. जवळच्या बलवान केंद्राची लहर आणि दूरच्या क्षीण केंद्राची लहर यांच्या शक्तीत लाखपट, कोटीपट अंतर सहज असते. दोलकातील एक लाखांश शक्तीचा खोटा सूर बलवान केंद्राला ओढून क्षीण केंद्राच्या जागी आणून बसवतो. ऐकणाऱ्याला तेथे नसलेली शिट्टी ऐकू येते आणि असलेला माणूस ऐकू येत नाही.

हा माणूस ऐकू येणे न येणे किती मोलाचे असते, याचा दाखला भारतीय हौशी रेडिओच्या इतिहासात आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओचा एक गट भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेला होता. उद्देश निव्वळ हौसेचा होता. अंदमानातून हौशी प्रक्षेपण दुर्मीळ, म्हणून जगभरचे चालक त्या संपर्कासाठी आसुसलेले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली, आणि हौसेसाठी नेलेली तीच यंत्रे बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधील संपर्काच्या कामी लागली. अशा वेळी ठरलेल्या वारंवारतेवर अनेक केंद्रे एकामागून एक बोलतात. प्रत्येकाने त्याच जागी असावे आणि तासन्‌तास तेथेच राहावे, एवढ्यावर सारी यंत्रणा उभी असते. तोवर कारखान्यात बनलेल्या हौशी संचांमध्ये डीडीएस सर्रास वापरात आले होते. काटा हातात धरून सरकत्या आवाजामागे धावण्याचे दिवस गेले होते. चिपच्या बाजूने बोलायचे तर यापेक्षा भक्कम मुद्दा नाही.

हैदराबादचाच आणखी एक धागा या कथेत आहे आणि तो कारखान्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स हा १४ मेगाहर्ट्झचा, सहा वॉटचा संच आखला. परदेशी कॅटलॉगमधील भाग भारतात मिळत नाहीत, हे वास्तव त्यांनी आखणीची अट म्हणून स्वीकारले. संगणकात सापडणारे १० मेगाहर्ट्झचे स्फटिक, टीव्हीच्या अँटेनाजोडणीतील फेराइटचे गाभे, आणि दोलकाच्या कॉइलसाठी नळाचा नायलॉनचा वॉशर. नळाच्या वॉशरवर तार गुंडाळून ४ मेगाहर्ट्झचा दोलक बनायचा. त्यात स्फटिकांचे १० मिळवले की १४ होत. ही आखणी जगभर पोहोचली आणि अनेक देशांतल्या हौशी मंडळींनी ती बांधली. ती गरिबांची तडजोड होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वॉशरवरच्या कॉइलला काय येते आणि काय येत नाही हे नीट जाणून केलेली ती रचना होती.

त्यांच्याच पुढच्या पिढीच्या संचांत, २०१६-१७ च्या सुमारास, कॉइलच्या दोलकाची जागा रेड्युइनो नावाच्या लहान पट्टीने घेतली. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. रेड्युइनोवरची एसआय ५३५१ ही चिप अंकांनी वारंवारता ठरवते, म्हणून तिलाही पुष्कळदा डीडीएस म्हटले जाते; ती डीडीएस नाही. तिच्यात साइनचा तक्ता नाही आणि डॅकही नाही. २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावरून ती आत शेकडो मेगाहर्ट्झचा दोलक बांधून ठेवते आणि त्याला अपूर्णांकाने भागून चौकोनी लहर देते. ती स्वस्त आहे, वीज कमी खाते, आणि एकाच वेळी तीन वेगवेगळ्या वारंवारता पुरवते. संचाला लागणारे दोलक एकाच चिपमधून मिळतात. एडी ९८५० पूर्ण वेगाने पाच व्होल्टवर चालताना ३८० मिलिवॉटपर्यंत शक्ती खाते, म्हणजे डोंगरावर बॅटरीवर चालणाऱ्या सहा वॉटच्या संचाला ती जड जाते. शिवाय मिक्सरला चौकोनी लहर चालते, बरेचदा आवडते. घरी बनवलेल्या संचांत डीडीएसचा सुवर्णकाळ म्हणूनच आखूड ठरला. ज्या कामासाठी हौशी मंडळींनी तिला डोक्यावर घेतले, ते काम तिच्याहून साध्या चिपने उचलले.

डीडीएस मात्र संपले नाही. ते प्रयोगशाळेत स्थिरावले. अणू लेझरने थंड करून पकडून ठेवणाऱ्या प्रयोगांत लेझरची वारंवारता किंचित, पण नेमकी सरकवावी लागते. हे काम ध्वनि-प्रकाशीय मॉड्युलेटर करतो: त्याच्या स्फटिकात साधारण ८० मेगाहर्ट्झची ध्वनिलहर सोडली की त्यातून गेलेला प्रकाश तेवढ्याच वारंवारतेने सरकतो. ती ध्वनिलहर पुरवणारी चिप बहुतेक ठिकाणी डीडीएसच असते. एडी ९९१० ही त्यांतील परिचित, सेकंदाला एक अब्ज ठोक्यांची आणि १४ बिटांच्या डॅकची. तेथे वारंवारता बदलताना कला तुटली तर अणूची क्वांटम अवस्था बिघडते. संचायकातील आकडा न पुसता पायरी बदलणे, हा जो गुण हौशी रेडिओला जेमतेम उपयोगी पडला, तोच येथे अनिवार्य आहे.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मान्यता दिली, तेव्हा बातम्यांचा भर क्यूबिटांच्या संख्येवर होता. अणू आणि आयन वापरणाऱ्या प्रयोगांत त्या क्यूबिटांखालची रेडिओ वारंवारता अशाच चिपमधून येते आणि या चिप परदेशातून येतात, हे बातमीत सहसा आले नाही. देशातील चिपविषयक चर्चा बहुतांशी नॅनोमीटरच्या आकड्याभोवती फिरते. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने १९८४ मध्ये उत्पादन सुरू केले, फेब्रुवारी १९८९ च्या आगीत तिचे अपरिमित नुकसान झाले आणि मधली वर्षे हातची गेली. आज तेथे १८० नॅनोमीटरचे तंत्र चालते, आणि २०२५ मध्ये गाजलेला ३२ बिटांचा विक्रम ३२०१ हा प्रक्रियक त्यातूनच आला. १८० हा आकडा वर्तमानपत्री तुलनेत मागासलेला दिसतो. पण सेकंदाला १२.५ कोटी वेळा ३२ बिटांची बेरीज करायला तो पुरेसा आहे. एडी ९८५० ज्या काळातली आहे, त्या काळात तो अजून यायचा होता.

बेरजेची बाजू तर महाविद्यालयातही जमते. एफपीजीए पट्टीवर संचायक आणि पाव वर्तुळाचा तक्ता लिहायला काही ओळी पुरतात, आणि रोधकांच्या शिडीचा डॅक जोडून ऐकू येणाऱ्या वारंवारतांची साइन लहर एका दुपारी पडद्यावर उमटवता येते. अडते ते पुढे. शिडीतील रोधक एकमेकांशी हजारात एकापेक्षाही कमी फरकाने जुळले पाहिजेत, सर्व स्विच एकाच क्षणी उघडले-मिटले पाहिजेत, आणि हे सेकंदाला कोट्यवधी वेळा, तापमान बदलत असताना. रोधकाचे मूल्य तापमानाने किती बदलते हे मोजत बसलेला विद्यार्थी, कॉइल उकळून मेणात बसवणाऱ्या जुन्या हौशी चालकाच्याच बाकावर येऊन बसलेला असतो.